पाळीव कासवाच्या टाकीची स्वच्छता

पाळीव कासवाच्या टाकीची स्वच्छता म्हणजे घरात पाळलेल्या पाणकासवाच्या टाकीतील पाणी, तळ, कोरडा भाग आणि गाळण यंत्रणा ही कासवाच्या व त्याची देखभाल करणाऱ्या माणसांच्या आरोग्याला अपाय होणार नाही अशा स्थितीत राखण्याची पद्धत होय. पाण्याचे गाळण, ठरावीक काळाने पाणी बदलणे, पाण्याची रासायनिक तपासणी, घाणीचे स्रोत कमी करणे आणि गरजेनुसार संपूर्ण टाकीचे निर्जंतुकीकरण ही या पद्धतीची प्रमुख अंगे आहेत.

जगभर सर्वाधिक पाळले जाणारे पाणकासव म्हणजे लाल कानाचे स्लायडर कासव (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स). या लेखातील आकारमाने, तापमाने व वेळापत्रके प्रामुख्याने याच कासवाला लागू पडतात. टाकीतील पाणी पारदर्शक दिसते म्हणजे ते स्वच्छ असते असे नाही. कासवाला अपायकारक ठरणारी बहुतेक द्रव्ये पाण्यात विरघळलेली व रंगहीन असतात. म्हणून टाकीची स्वच्छता नजरेच्या अंदाजावर सोडून न देता मोजमाप व नियमितपणा यांच्या आधारे राखली जाते.

## पार्श्वभूमी

लाल कानाचे स्लायडर कासव मूळचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्याचा प्रदेश व ईशान्य मेक्सिको येथील आहे. डोळ्यांमागील लाल पट्ट्यावरून त्याला 'लाल कानाचे' म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच ते दगडावरून किंवा ओंडक्यावरून झटकन पाण्यात घसरते, म्हणून 'स्लायडर' हे नाव पडले. संथ वाहणारे किंवा साचलेले पाणी, भरपूर पाणवनस्पती आणि ऊन खाण्यासाठी ओंडके हा त्याचा नैसर्गिक अधिवास होय. तळ्यातील प्रचंड जलसाठ्यात एका कासवाची विष्ठा सहज विरून जाते व तेथील जिवाणू आणि वनस्पती तिचा वापर करतात. घरातील टाकीत मात्र तेवढ्याच विष्ठेसाठी काही दशलिटर पाणीच उपलब्ध असते.

विक्रीच्या वेळी या कासवाची पिल्ले जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांबीची असतात. त्यामुळे ती काचेच्या लहान भांड्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवण्याचा प्रघात पडला आहे. घरात कासव ठेवणे शुभ असते या समजुतीमुळेही भारतात अशी भांडी घरोघरी व दुकानांत दिसतात. वास्तविक पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते आणि योग्य निगा मिळाल्यास हे कासव ३० वर्षांहून अधिक जगू शकते. अस्वच्छतेची बहुतेक गाऱ्हाणी टाकी मुळातच लहान असल्याने उद्भवतात.

## टाकी अस्वच्छ होण्याची कारणे

समान आकाराच्या माशांच्या तुलनेत कासव पाणी अधिक वेगाने घाण करते. याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* '''उत्सर्जन:''' पाणकासवे नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये मुख्यतः अमोनिया व युरिया यांच्या रूपात बाहेर टाकतात. पाण्यातील जिवाणू युरियाचे विघटन करून त्यापासूनही अमोनिया तयार करतात.
* '''खाण्याची पद्धत:''' स्लायडर कासव सहसा पाण्यातच अन्न गिळते. मोठा तुकडा ते जबड्याने व पुढच्या पायांच्या नख्यांनी फाडते. या क्रियेत अन्नाचे बारीक कण सर्वत्र पसरतात व तळाशी कुजतात.
* '''प्रथिनयुक्त आहार:''' पिल्ले मुख्यतः मांसाहारी असतात व वयानुसार वनस्पतीजन्य आहाराकडे वळतात. सुका जवळा, कोळंबी, मासळीचे तुकडे अशा आहारातून नत्रयुक्त घाण अधिक निर्माण होते.
* '''त्वचा व कवचाचे पापुद्रे:''' वाढत्या कासवाच्या कवचावरील शल्कांचे पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रे सुटून पाण्यात पडतात. ही नैसर्गिक क्रिया असली तरी ते पापुद्रे गाळणीत अडकतात.
* '''उष्णता व प्रकाश:''' टाकीतील उबदार पाण्यात अन्न लवकर कुजते, तर ऊन खाण्याच्या जागेवरील तीव्र प्रकाशामुळे शेवाळाची वाढ होते.

## नत्रचक्र

टाकीच्या स्वच्छतेचा शास्त्रीय पाया नत्रचक्रात आहे. विष्ठा, मूत्र व कुजणारे अन्न यांपासून प्रथम अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट विषारी असतात. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते. नायट्रेट मात्र सर्वसाधारण फिल्टरमध्ये नष्ट होत नाही. पाणी बदलणे किंवा वाढत्या वनस्पतींनी ते शोषून घेणे हेच ते कमी करण्याचे व्यवहार्य मार्ग होत.

हे उपयुक्त जिवाणू पाण्यात मोकळे फिरण्याऐवजी फिल्टरमधील स्पंज, सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे, दगड व काच यांच्या पृष्ठभागावर थर करून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात अमोनिया व नायट्राइट यांची पातळी वाढते, म्हणून पाणी अधिक वेळा बदलावे लागते. चालू असलेल्या दुसऱ्या निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा काळ कमी होतो.

पाण्यातील अमोनियाचा विषारीपणा सामू व तापमान यांवर अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का भागच अधिक विषारी, अनायनीकृत रूपात असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर जाते. त्यामुळे क्षारयुक्त व अल्कधर्मी पाण्यात अमोनियाची तीच मात्रा अधिक घातक ठरते.

कासव फुप्फुसाने श्वास घेते. त्यामुळे कल्ल्यांनी श्वसन करणाऱ्या माशांप्रमाणे अमोनियाने ते तत्काळ मरत नाही. या सहनशीलतेमुळेच धोका लक्षात येण्यास उशीर होतो. ज्या पाण्यात मासे एका दिवसात दगावतील, त्याच पाण्यात कासव अनेक महिने डोळ्यांचा व त्वचेचा दाह सोसत जिवंत राहू शकते.

## पाण्याची तपासणी

मत्स्यालयाच्या साहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या तपासणी संचांनी पाण्याचे पुढील घटक घरी मोजता येतात. पाळणाऱ्यांमध्ये सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या मर्यादा अशा आहेत:

* अमोनिया: शून्य
* नायट्राइट: शून्य
* नायट्रेट: ४० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी
* सामू: ६.५ ते ८
* तापमान: प्रौढ कासवासाठी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस

पाण्याचा रंग व वास यांवरूनही काही गोष्टींचा अंदाज येतो. नव्या टाकीतील दुधी गढूळपणा हा बहुधा जिवाणूंच्या अचानक वाढीमुळे येतो व काही दिवसांत ओसरतो. हिरवे पाणी तरंगत्या सूक्ष्म शेवाळामुळे होते. पिवळसर किंवा तपकिरी छटा विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे अथवा टाकीतील लाकडामुळे येते. पृष्ठभागावर टिकून राहणारा फेस प्रथिनांचे प्रमाण वाढल्याचे सुचवतो. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास तळाच्या गाळात प्राणवायूविना कुजण्याची क्रिया चालू असल्याचे समजावे.

## टाकीची रचना व स्वच्छता

पाण्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी घाणीची तीव्रता कमी राहते. कवचाच्या प्रत्येक इंचामागे १० गॅलन, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी असावे, असा पाळणाऱ्यांमधील प्रचलित ठोकताळा आहे. या हिशेबाने १० सेंटिमीटरच्या कासवाला सुमारे १५० लिटरची, तर २५ सेंटिमीटरच्या मादीला पावणेचारशे लिटरची टाकी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने अशी टाकी ठेवण्याची जागा भक्कम हवी. पाण्याने भरलेली काचेची टाकी उचलून हलवू नये. सांधे सुटण्याची व काच तडकण्याची शक्यता असते.

तळाशी बारीक खडी पसरल्यास तिच्या फटींत विष्ठा व अन्न साचते. शिवाय कासव खडे गिळते आणि आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो. त्यामुळे तळ मोकळा ठेवणे किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे, गुळगुळीत गोटे ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. सजावटीच्या वस्तू जितक्या कमी, तितके तळ साफ करणे सोपे जाते.

ऊन खाण्यासाठी पाण्याबाहेर पूर्ण कोरडी जागा असणे हासुद्धा स्वच्छतेचाच भाग आहे. तेथे कासवाचे अंग व कवच वाळते, त्यामुळे बुरशी व जिवाणूंच्या वाढीला आळा बसतो. ही जागा पाण्यापेक्षा उबदार असावी आणि तेथे अतिनील-ब किरण देणारा दिवा किंवा थेट सूर्यप्रकाश मिळावा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात अतिनील-ब किरणांचा बहुतांश भाग अडतो, त्यामुळे शेवाळ वाढते पण कासवाला अपेक्षित लाभ होत नाही. काचेची बंद टाकी थेट उन्हात ठेवल्यास पाणी धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते.

## गाळण यंत्रणा

फिल्टरचे कार्य तीन प्रकारचे असते.

* '''यांत्रिक गाळण:''' स्पंज किंवा तंतुमय पट्टी तरंगते कण अडवते. अडकलेली घाण पाण्याच्या प्रवाहातच राहते. ती धुऊन काढेपर्यंत तिचे कुजणे चालूच असते.
* '''जैविक गाळण:''' सच्छिद्र माध्यमावर वाढलेले जिवाणू अमोनिया व नायट्राइट यांचे रूपांतर करतात. कासवाच्या टाकीत हेच कार्य सर्वांत महत्त्वाचे असते.
* '''रासायनिक गाळण:''' सक्रिय कोळसा रंग, वास व काही सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. त्याची क्षमता काही आठवड्यांत संपते व तो बदलावा लागतो. सक्रिय कोळशामुळे अमोनिया कमी होत नाही.

मत्स्यालयाचे फिल्टर माशांच्या घाणीचा विचार करून बनवलेले असल्याने कासवासाठी टाकीतील प्रत्यक्ष पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट पाण्यासाठी शिफारस केलेला फिल्टर निवडण्याची प्रथा आहे. टाकीत बुडवून ठेवण्याचा अंतर्गत फिल्टर पिल्लांना पुरतो. मोठ्या कासवासाठी टाकीबाहेर ठेवण्याचा, डब्याच्या आकाराचा कॅनिस्टर फिल्टर वापरला जातो, कारण त्यात जैविक माध्यमासाठी अधिक जागा असते.

फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुणे ही वारंवार आढळणारी चूक होय. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. हा क्लोरीन पाण्यातील रोगजंतू मारतो, तसाच स्पंजमधील उपयुक्त जिवाणूही मारतो. म्हणून टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच स्पंज हलक्या हाताने पिळून धुवावा आणि सर्व माध्यमे एकाच दिवशी धुऊ किंवा बदलू नयेत.

वीजपुरवठा खंडित झाल्यास बंद कॅनिस्टरमधील जिवाणू तेथील प्राणवायू संपवतात व काही तासांनी मरू लागतात. भारनियमन किंवा दीर्घकाळ वीज गेल्यानंतर फिल्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्यातील कुबट पाणी ओतून टाकावे. अन्यथा ते थेट टाकीत मिसळते.

## पाणी बदलणे

फिल्टर कितीही चांगला असला तरी नायट्रेट साचत राहतो, त्यामुळे पाणी बदलण्याला पर्याय नाही. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी केवळ वरून भरल्यास हा उद्देश साध्य होत नाही, कारण वाफ होऊन फक्त पाणी जाते. क्षार व नायट्रेट टाकीतच राहतात.

किती पाणी बदलावे याचा अंदाज साध्या गणिताने घेता येतो. एखाद्या टाकीत दर आठवड्याला नायट्रेट २० मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढते असे मानू. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलल्यास नायट्रेटची पातळी कालांतराने ८० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते. त्याऐवजी ५० टक्के पाणी बदलल्यास ती ४० मिलिग्रॅमवर स्थिरावते. म्हणजेच साप्ताहिक वाढीला बदललेल्या पाण्याच्या अंशाने भागले असता पाणी बदलण्यापूर्वीची कमाल पातळी मिळते. तपासणी संचाने साप्ताहिक वाढ एकदा मोजली की आपल्या टाकीसाठी योग्य प्रमाण ठरवता येते.

पाणी बदलण्याची सर्वसाधारण कृती अशी:

१. फिल्टर, हीटर व दिवे यांचा वीजपुरवठा बंद करावा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडल्यास त्याची काच तडकू शकते.
२. कासवाला स्वतंत्र, हवेशीर टबमध्ये ठेवावे. हा टब अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये.
३. सायफनच्या नळीने तळाचा गाळ ओढून घेत पाणी बादलीत काढावे. नळीला तोंड लावून पाणी ओढू नये. हाताने दाबायचा फुगा असलेली नळी वापरावी.
४. काचेवरील शेवाळ स्वतंत्र राखून ठेवलेल्या घासणीने किंवा स्पंजने काढावे. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव वापरू नये.
५. नवे पाणी क्लोरीनमुक्त करून, टाकीतील पाण्याच्या जवळपास तेवढ्याच तापमानाचे असल्याची खात्री करून भरावे.
६. उपकरणे पुन्हा सुरू करून कासवाला टाकीत सोडावे व हात साबणाने धुवावेत.

क्लोरीन काढण्यासाठी सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरतात किंवा पाणी पसरट भांड्यात सुमारे २४ तास उघडे ठेवतात. पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी क्लोरामाइन वापरले असल्यास मात्र पाणी नुसते उघडे ठेवल्याने ते निघून जात नाही.

टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने ते शोभेच्या झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. पाणीटंचाईच्या काळात हा उपयोग विशेष सोयीचा ठरतो. रोगजंतूंच्या शक्यतेमुळे ते कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना घालू नये. विहीर, तळे किंवा ओढ्यातही सोडू नये.

## देखभालीचे वेळापत्रक

* '''दररोज:''' न खाल्लेले अन्न जाळीने काढणे, तापमान पाहणे, फिल्टरचा प्रवाह मंदावला नसल्याची खात्री करणे. एका वेळी कासव १५ ते २० मिनिटांत संपवेल एवढेच अन्न देणे.
* '''दर आठवड्याला:''' २५ ते ५० टक्के पाणी बदलणे. तळाचा गाळ काढणे. काच व ऊन खाण्याची जागा घासणे. पाण्याची तपासणी करणे.
* '''दर २ ते ४ आठवड्यांनी:''' यांत्रिक गाळणाचा स्पंज धुणे. सक्रिय कोळसा वापरात असल्यास तो बदलणे.
* '''दर काही महिन्यांनी:''' फिल्टरचा पंप व नळ्या साफ करणे. जैविक माध्यम टाकीच्या पाण्यात हलकेच खळबळून घेणे.

खाऊ घालण्यासाठी स्वतंत्र टब वापरल्यास टाकीतील घाण बरीच कमी होते, कारण अन्नाचे कण टबातच राहतात आणि अनेकदा कासव तेथेच मलविसर्जनही करते. काही कासवे वारंवार हलवल्याने बिचकतात व खाणे सोडतात. अशा वेळी टाकीतच थोडे थोडे अन्न देऊन उरलेले लगेच काढणे योग्य ठरते.

## संपूर्ण निर्जंतुकीकरण

सुस्थितीतील टाकी पूर्ण रिकामी करून निर्जंतुक करण्याची वारंवार गरज नसते. तसे केल्याने जिवाणूंचा थर नष्ट होऊन नत्रचक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. कासवाला संसर्गजन्य आजार झाला असल्यास, नवे कासव आणण्यापूर्वी किंवा फिल्टर नसलेल्या लहान टाकीच्या बाबतीत मात्र ती आवश्यक असते.

निर्जंतुकीकरणापूर्वी सर्व पृष्ठभाग घासून घाण काढावी, कारण सेंद्रिय घाणीमुळे क्लोरीनचा प्रभाव कमी होतो. त्यानंतर घरगुती ब्लीचचे पाण्यात सौम्य केलेले द्रावण सुमारे १० मिनिटे लावून ठेवतात, भरपूर पाण्याने अनेकदा धुतात आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी वाळवतात. क्षारयुक्त पाण्यामुळे काचेवर पडणारे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. व्हिनेगर व ब्लीच कधीही एकत्र वापरू नयेत. त्यांच्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. फिनेल व तत्सम फिनॉलयुक्त जंतुनाशके सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असल्याने टाळावीत.

## कासवाच्या आरोग्यावरील परिणाम

दीर्घकाळ अस्वच्छ पाण्यात राहिल्यास कवचाचा कुज हा आजार होऊ शकतो. यात कवचावर मऊ, खोलगट किंवा दुर्गंधी येणारे डाग पडतात. संसर्ग रक्तात पसरल्यास प्राणघातक ठरतो. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडाय हा जिवाणू अशा संसर्गाशी संबंधित असलेल्या जिवाणूंपैकी एक आहे. त्वचेवर बुरशी येणे, डोळे सुजणे व कानाच्या जागी गळू येणे हेही अस्वच्छ पाण्याचे परिणाम असू शकतात.

डोळ्यांची सूज व कानाचे गळू जीवनसत्त्व 'अ'च्या अभावानेही होतात. केवळ सुक्या जवळ्यावर वाढवलेल्या पिल्लांमध्ये अशी लक्षणे दिसल्यास पाणी बदलूनही फरक पडत नाही. नाकातून स्राव, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा एका बाजूला कलून पोहणे ही श्वसनसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा सर्व प्रसंगी पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक असतो. कवचावरील हिरवे शेवाळ सहसा निरुपद्रवी असते व मऊ ब्रशने निघते. शल्कांचे पापुद्रे मात्र ओढून काढू नयेत.

## मानवी आरोग्य

कासवांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू नैसर्गिकरीत्या असू शकतात. कासव पूर्ण निरोगी दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून ते पाण्यात, कवचावर व टाकीच्या पृष्ठभागावर येतात. हे जिवाणू सतत बाहेर पडत नसल्याने एका तपासणीत ते न आढळणे हा कासव जिवाणूमुक्त असल्याचा पुरावा ठरत नाही. प्रतिजैविके देऊन कासव कायमचे जिवाणूमुक्त करता येत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जिवाणू निर्माण होण्याचा धोका असतो.

साल्मोनेलाच्या संसर्गाने ताप, पोटात कळा व जुलाब होतात. लक्षणे साधारण ६ तास ते ६ दिवसांत सुरू होतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांच्यात हा आजार गंभीर रूप घेऊ शकतो. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालतात किंवा टाकीच्या पाण्यात हात घालतात, या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये ४ इंचांपेक्षा (सुमारे १० सेंटिमीटर) कमी लांबीच्या कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यास बंदी घातली.

संसर्ग टाळण्यासाठी कासव, टाकी किंवा तिचे पाणी यांना स्पर्श झाल्यावर हात साबणाने धुवावेत. टाकी व तिचे साहित्य स्वयंपाकघराच्या मोरीत किंवा भांडी घासण्याच्या जागी धुऊ नये. शक्यतो घराबाहेर धुवावे. बादल्या, नळ्या व घासण्या स्वतंत्र ठेवाव्यात. कासवाला स्वयंपाकघरात मोकळे सोडणे किंवा त्याचे चुंबन घेणे टाळावे. घरात पाच वर्षांखालील मूल असल्यास कासव पाळूच नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

## प्रचलित गैरसमज

* '''तुरटी फिरवल्याने पाणी शुद्ध होते:''' तुरटीमुळे तरंगते कण खाली बसतात व पाणी नितळ दिसते. विरघळलेला अमोनिया व नायट्रेट तसेच राहतात. शिवाय पाण्याचा सामू उतरतो.
* '''टाकीत मासे सोडल्यास ते घाण खातात:''' शेवाळ किंवा उरलेले अन्न खाणारे मासेही उत्सर्जन करतातच, त्यामुळे एकूण नत्रयुक्त घाण वाढते. अनेकदा कासव त्यांनाच खाते.
* '''कासव टाकीच्या आकाराएवढेच वाढते:''' अपुरी जागा, घाण पाणी व निकृष्ट आहार यांमुळे वाढ खुंटते किंवा कवच वेडेवाकडे होते. हे आजाराचे लक्षण आहे.
* '''फिल्टर असल्यास पाणी बदलावे लागत नाही:''' फिल्टर अमोनियाचे नायट्रेट करतो. नायट्रेट टाकीबाहेर काढत नाही.

## कासव सोडून देण्याची समस्या

कासव मोठे झाल्यावर टाकीची देखभाल कष्टाची व खर्चिक होते आणि अनेक जण ते जवळच्या तळ्यात, नदीत किंवा देवळाच्या कुंडात सोडून देतात. भारतातील अनेक राज्यांत लाल कानाची स्लायडर कासवे अशा रीतीने निसर्गात पोहोचली आहेत. ती ऊन खाण्याच्या जागा व अन्न यांसाठी स्थानिक कासवांशी स्पर्धा करतात आणि रोगजंतूंचा प्रसारही करू शकतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञ गटाने तयार केलेल्या जगातील सर्वाधिक घातक अशा १०० आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. युरोपीय संघाने त्याच्या आयातीवर १९९७ मध्ये बंदी घातली. कासव सांभाळणे अशक्य झाल्यास ते निसर्गात न सोडता प्राणी बचाव संस्था, वनविभाग किंवा दुसरा जबाबदार पालक यांच्याकडे सोपवणे हा योग्य मार्ग मानला जातो.

## भारतातील कायदेशीर बाजू

भारतात नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या बहुतेक कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. तारांकित कासव व मऊ पाठीची कासवे यांसारख्या संरक्षित प्रजाती पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. लाल कानाचे स्लायडर कासव ही परदेशी प्रजाती आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची व नोंदणीची तरतूद करण्यात आली. त्यामुळे कोणतेही कासव घेण्यापूर्वी त्याची प्रजाती निश्चित करणे आणि वनविभागाकडे नियमांची खात्री करणे आवश्यक ठरते.

## हे सुद्धा पहा

* कासव
* मत्स्यालय
* नत्रचक्र
* साल्मोनेला
* आक्रमक प्रजाती
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२